जमुनाबाईंची वेगळी टाकी

मैसुरात नजरबादच्या त्या गल्लीत जमुनाबाईंशी भांडण न झालेला माणूस शोधायचा, तर कालच सामान उतरवलेला भाडेकरू गाठावा लागेल. आणि त्याचंही महिनाअखेरपर्यंत काही सांगता येत नाही. दूधवाला पिशवी कडीला अडकवतो, बेल दाबतो, आणि बाई दार उघडायच्या आत जिना उतरलेला असतो. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला त्यांच्या साडीला हात लावण्याआधी शेजारच्याला साक्षीला बोलावतो, डाग आधीचा की नंतरचा हे ठरवायला. पण ही सगळी वरकड भांडणं. बाईंचं मुख्य, निगुतीनं जोपासलेलं, कधी सुकू न दिलेलं भांडण एकच: धाकटे दीर गुरुराव.

गुरुराव राहतात दोन गल्ल्या पलीकडे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कपाळाला गंध, खिशाला पेन, आणि समाजाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतली खुर्ची. मोठे भाऊ पद्मनाभ, म्हणजे जमुनाबाईंचे यजमान, गेल्यापासून घराण्याचे कर्ते तेच. कर्तेपण त्यांना कुणी दिलं, असं बाई अजून विचारतात. उत्तर कुणी देत नाही, कारण उत्तर दिलं की बाई पुढचा प्रश्न विचारतात.

घराणं रंगाऱ्यांचं. पणजोबांच्या वेळी दारात रंगाचे हौद होते, लाकडी छापे होते, मागच्या अंगणात वाळत घातलेल्या कापडांतून वाट काढत चालावं लागे. आता त्यातलं काही नाही. राहिली ती एक पाळणूक. बाकीचं मैसूर नवमीला आयुधपूजा करतं, बसला झेंडूची माळ घालतं आणि दुसऱ्या दिवशी बस सोडतं. या घरात तसं नाही. इथे घटस्थापनेला धंद्याचं हत्यार लाल फडक्यात बांधून देवीपुढे बसवायचं, ते उचलायचं थेट दिवाळीच्या पाडव्याला. कारण अगदी साधं होतं. त्या दिवसांत इथे पाऊस परतून परतून येतो, रंगवलेलं कापड वाळत नाही, म्हणून हौद बंद. कुणी लोभापायी हा नेम मोडू नये म्हणून कुणा शहाण्यानं त्यात देवीला आणून बसवलं. हौद गेले, देवी बसून राहिली.

आणि तिचा जाच झाला तो एकट्या जमुनाबाईंना. लग्न होऊन नंजनगूडहून मैसूरला आल्या तेव्हा पद्मनाभरावांचं कापडाचं दुकान डुगडुगत होतं. बाईंनी शिवणयंत्र घेतलं आणि जन्मभर ब्लाउज शिवले. आता ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा हंगाम कुठला, हे कुणालाही विचारा. दसरा ते दिवाळी. नेमकी तेव्हाच बाईंची कात्री सासऱ्यांच्या देवघरात लाल फडक्यात. गिऱ्हाइकं नवी कापडं घेऊन यायची, कात्री बसली आहे ऐकून पलीकडच्या शिंप्याकडे जायची. गुरुरावांचं हत्यार पेन. ते एक दिवस देवीपुढे आणि दुसऱ्या दिवशी खिशात, कारण म्हणे पेन कचेरीचं, घराण्याचं नव्हे. सुनेनं बोलायचे दिवस नव्हते ते. पण बाईंनी ते विसरायचंही ठरवलं नाही.

आता द्राक्षांकडे येऊ. नाशिककडचे त्र्यंबक म्हणून एक गृहस्थ, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला म्हणून मैसूरला आले, विजयनगरात घर बांधलं, आणि पन्नाशीला नोकरी सोडून नंजनगूडच्या रस्त्यावर लहानशी वाइनरी काढून बसले. मराठी बोलणारं कुणी भेटतंय का बघत समाजाच्या हॉलवर आले आणि तिथे त्यांना पद्मनाभराव भेटले. एच. डी. कोट्याच्या बाजूला भावाभावांनी घेतलेली एक उतरणीची जमीन पडून होती. त्र्यंबकांनी ती पाहिली, माती बोटांत चुरून पाहिली, आणि तिथे पांढऱ्या वाइनची फ्रेंच द्राक्षं लावायला लावली. व्यवहार असा ठरला की द्राक्षं यांची, टाक्या त्र्यंबकांच्या, आणि जी बाटली विकली जाईल तिच्यात दोघांचा वाटा. तोवर वाइन ती मळेवाल्याची.

वेलांनी तारा धरल्या आणि पद्मनाभराव गेले. तेराव्यानंतर गुरुरावांनी वाटणी केली. खालचा अर्धा तुकडा, खोल काळसर मातीचा, विहिरीजवळचा, त्यांनी स्वतःकडे घेतला. वहिनीला पाणी ओढायची दगदग नको म्हणून. वरचा अर्धा तुकडा, तांबडा मुरूम आणि गोटे, पावसाचं पाणी घटकाभरही न थांबणारा, तो वहिनीला. वर गार वारा असतो, असंही म्हणाले. यात त्यांचं प्रेम किती हे बाईंना तेव्हाच कळलं.

पण दोन्हीकडचं पीक जायचं एकाच गाडीतून, एकाच टाकीत. एका वर्षी बेंगळुरूच्या हॉटेलवाल्यांना वाइन आवडली. गुरुराव हॉलमध्ये म्हणाले, खालची मातीच तशी आहे. पुढच्या वर्षी वाइन मिळमिळीत झाली. तेव्हा गुरुराव म्हणाले, काय करणार, वहिनींच्या बाजूचं मिसळावं लागतं. हे शब्द बाईंना पोचवले गुरुरावांच्याच सुनेनं, अनुषानं. अनुषाचं मराठी अर्धं कानडी, पण बातमी नेहमी पूर्ण. पोरगी दोन्ही घरांत सारख्याच प्रेमानं जेवते आणि सारख्याच प्रेमानं सांगते.

बाई बस धरून त्र्यंबकांकडे गेल्या. माझी वाइन वेगळी करा म्हणाल्या. चांगली होवो की वाईट, लोकांनी माझी म्हणून तोंडात घ्यावी आणि माझी म्हणून थुंकावी. त्र्यंबकांनी समजावलं की दोन्ही मळे एका वेळी पिकतात, एवढ्याशा मालासाठी टाकी अडवून ठेवणं परवडत नाही.

"आणि माझी आधी पिकली तर?" बाईंनी विचारलं.

"मग इलाज नाही, जमुनाताई. द्राक्षं कुणासाठी थांबत नाहीत. वेगळीच काढावी लागतील."

एवढं ऐकायचं होतं. बाईंनी तिथेच बसून त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. आपल्याकडे वेल झोपत नाही. कात्री लावाल तेव्हा त्याचा हंगाम सुरू होतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. ती लवकर झाली तर द्राक्षं जानेवारीच्या गार रात्रींत भरतात, आंबटपणा टिकतो, वाइन कोरडी आणि ताठ होते. दिवाळीनंतर झाली तर मार्चच्या उन्हात साखर चढते आणि आंबटपणा पळून जातो. दरवर्षी पाडव्याला का छाटता, असं त्र्यंबकांनी विचारलं. बाई म्हणाल्या, आमच्यात कात्री बसते. नाशिकच्या माणसाला हे समजेना, आणि समजावून सांगायचा बाईंना कंटाळा आला.

त्या वर्षी घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी बाई कोट्याला गेल्या, तर शेडमधली छाटणीची कात्री गायब. गुरुराव आदल्या दिवशी येऊन दोन्हीकडच्या कात्र्या घेऊन गेले होते. बाई तशाच परत फिरल्या आणि गुरुरावांच्या दारात उभ्या राहिल्या. ते बाहेर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते.

"भावजी, माझी कात्री?"

"देवीची झाली ती. पाडव्याला या, घेऊन जा."

"पाडव्यापर्यंत थांबले तर माझी द्राक्षं तुमच्याबरोबर पिकतील."

"मग? घरातली द्राक्षं घरातल्यांबरोबरच पिकायची."

"आणि हातातलं पेन? ते नाही बसवलं?"

गुरुरावांनी पेनाला टोपण घातलं आणि म्हणाले, वहिनी, साकु. साकु म्हणजे पुरे. या घरात तो शब्द आजवर फक्त जमुनाबाई वापरत असत. दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकून त्यांना कसंसंच झालं. त्या सरळ मार्केटात गेल्या आणि हार्डवेअरच्या दुकानातून नव्या कोऱ्या कात्र्या घेतल्या, दुकानदाराशी धारेवरून भांडून.

अष्टमीला छाटणी झाली. कोट्याजवळच्या गावातल्या बायका नवमीला यायला तयार नव्हत्या, म्हणून बाईंनी आदल्या दिवशीच सगळा तुकडा उरकला, स्वतः पदर खोचून. जन्मभर ज्या दिवसांत हात बांधून बसल्या, त्या दिवसांत त्यांनी कात्री चालवली. कचकच आवाज खालच्या तुकड्यापर्यंत जात होता. खाली कुणी नव्हतं, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

संध्याकाळी समाजाच्या हॉलमध्ये नवरात्राची बाहुल्यांची आरास होती. दरवर्षी नैवेद्याची चण्याची उसळ बाई करत. त्या दिवशी छाटणीची बातमी त्यांच्या आधी पोचली होती, कुणीतरी हळूच त्यांच्या हातातला झारा काढून घेतला. सगळ्यांना एकदम बाहुल्यांच्या साड्या नीट करायचं सुचलं. बोलले ते गुरुरावच, पहिल्या रांगेतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. घट बसलेले असताना या घरात कात्री चालली, म्हणाले, आता देवी काय ते बघून घेईल. बाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि उसळीत मीठ कमी आहे एवढं सांगून निघून आल्या. मीठ बरोबर होतं. पण रात्री ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली त्यांना ती अळणी लागली, असं अनुषा सांगते.

देवीनं बघितलं की नाही कोण जाणे, पावसानं मात्र बघितलं. महिनाअखेरीला तीन-चार दिवस अशी झड लागली की कोवळ्या फुटींवर डाऊनी नावाचा रोग उतरला. पानांवर तेलाचे डाग पडावेत तसे डाग, मागून पांढरी बुरशी, आणि बाजरीएवढे घड जागच्या जागी वाळलेले. गुरुरावांचे वेल अजून छाटायचे होते, त्यांना काय होणार? ते छत्री घेऊन मुद्दाम कोट्याला आले, मधल्या कुंपणापाशी उभे राहिले आणि बराच वेळ वर पाहत राहिले. देवीनं पावती दिली, एवढंच म्हणाले. बाई पाठीवर पंप घेऊन औषध मारत होत्या. वारा खालच्या अंगाला होता. त्यांनी नळी थोडी वळवली. छत्रीवर निळसर शिंतोडे उडाले ते अजून गेलेले नाहीत.

तिसरा हिस्सा पीक गेलं. उरलं ते मुरुमात, थोड्या पाण्यावर, लहान मण्यांचं, विरळ घडांचं. पण जानेवारीत रात्री गार पडत होत्या, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला द्राक्षं तोडायला आली तेव्हा गुरुरावांचे मणी अजून वाटाण्यासारखे हिरवे आणि टणक होते. बाईंची गाडी एकटी नंजनगूडच्या रस्त्याला लागली. त्र्यंबक आधी कुरकुरले. माल इतका थोडा की टाकी अर्धी राहील, वर हवा राहिली तर वाइन बिघडेल. दुसऱ्या कुणाची थोडी मिसळू का? बाई म्हणाल्या, बेडा. हा कानडी नकार त्र्यंबकांना एव्हाना पाठ होता. मागे धूळ खात पडलेली, तरंगत्या झाकणाची छोटी टाकी त्यांनी धुऊन काढली, झाकणाचं रबर बदललं आणि तिच्यात बाईंचा रस घातला. टाकीवर खडूनं नाव लिहिलं. बाईंनी ते उभं राहून लिहून घेतलं.

मार्च सरता सरता त्यांना चव बघायला बोलावलं. एक गंमत इथे सांगितली पाहिजे. जमुनाबाईंनी तोवर आयुष्यात वाइन चाखलेली नव्हती. द्राक्षाची म्हणजे गोड असणार, फार तर सरबतासारखी, अशी त्यांची कल्पना. त्र्यंबकांनी पेल्यात बोटभर ओतून दिली. बाईंनी घोट घेतला आणि डोळे मिटले ते मिटलेच. जिभेच्या दोन्ही कडा आत ओढल्या गेल्या. कच्च्या लिंबाची साल, ओला दगड, आणि गोडाचं नावही नाही.

"बिघडली?"

"नाही हो. कोरडी आहे. साखरेचा कण राहिलेला नाही. तुमचा मुरूम आहे हा, आणि तुमची थंडी. मी इथे आल्यापासून अशी झाली नव्हती."

बाईंना ती मुळीच आवडली नाही. हे त्यांनी त्र्यंबकांना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. पेला मात्र संपवला. आपलं म्हणून मागितलं होतं, ते आता गिळायला पाहिजे, एवढं त्यांना कळत होतं.

तिकडे गुरुरावांची द्राक्षं मार्चच्या उन्हात भदाभद पिकली. खोल माती, मुबलक पाणी, टपोरे मणी, साखर भरपूर. वाइन झाली ती जड, बसकी, जिभेवर ठेवली की तिथेच झोपणारी. हॉटेलवाल्यांनी एक घोट घेऊन पेले खाली ठेवले. त्र्यंबकांनी पुष्कळ विचार केला आणि गुरुरावांना सांगितलं की हिला ताठ उभं करायचं तर एकच उपाय, वहिनींची आंबट कोरडी थोडी हिच्यात घालायची. जास्त नको, पण घातल्यावाचून ही कोरडी वाइन म्हणून विकली जाणार नाही. विचारायला हवं ते वहिनींना.

अनुषा धावत आली. मामंजी येणार आहेत, म्हणाली, तुम्ही दार तरी उघडा. बाईंनी त्या दिवशी सकाळपासून दार उघडंच ठेवलं.

गुरुराव आले ते हातात ओब्बट्टूचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, डबा घेऊन, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"एनु, काय भावजी, वाट चुकलात?"

"त्र्यंबक म्हणतो, तुमची थोडी घातली की माझी उभी राहील."

"देवीचा कोप झाला होता, तीच ना?"

गुरुरावांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. म्हणाले, "शेवटी दादाची जमीन आहे ती. वरची काय, खालची काय."

"वाटणी करताना खालची माती तुम्ही ठेवून घेतलीत. दगड माझ्या पदरात टाकलेत. दगडांतून जे आलं ते माझंच ना?" बाई थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तरी देते. सगळी टाकी देते. हॉलमध्ये उभं राहून एकदा बोला, की वहिनीनं अष्टमीला कात्री लावली ते बरोबर केलं."

जिन्यात अनुषा श्वास रोखून उभी होती. खालच्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालायचं सोडून वर बघत होती. गुरुरावांचा चेहरा असा झाला की ते आता बोलतील, असं अनुषाला वाटलं. त्यांनी ओठ उघडलेही.

"ते नाही व्हायचं," ते म्हणाले. "माझी गटारात गेली तरी नाही व्हायचं."

"मग थेंबही नाही. आणि डबा न्या. तुमच्याकडचं पुरण मला पचत नाही."

गुरुराव डबा घेऊन उतरले. बाईंनी आवाज न करता दार लावलं. आवाज करून लावायची सवय असलेल्या बाई, पण त्या दिवशी कडीसुद्धा वाजली नाही म्हणतात. संध्याकाळी त्र्यंबकांचा फोन आला. दोघांचंही भलं होतं यात, ते म्हणाले, आणि तुमची इतकी थोडी आहे की एकटी विकून हातात काय येणार? बाई म्हणाल्या, काही नाही आलं तरी चालेल, खडूचं नाव पुसू नका.

गुरुरावांच्या वाइनमध्ये शेवटी त्र्यंबकांनी साखर घातली आणि ती गोड वाइन म्हणून बाटल्यांत भरली. हॉटेलवाल्यांनी घेतली नाही, पण समाजानं अशी घेतली की विचारू नका. कुठलाही गोतावळा जमला की गुरुरावांची बाटली उघडायची. बायका म्हणायच्या, वास नाही काही नाही, पिताना कळतसुद्धा नाही. बाईंच्या थोड्याशा बाटल्या बेंगळुरूच्या एका हॉटेलनं उचलल्या, उरलेल्या खोक्यांतून नजरबादला आल्या. शेजारणीनं एकदा चाखून विचारलं की हिच्यात लोणचं घालायचं असतं का. बाई रोज संध्याकाळी स्टीलच्या पेल्यात दोन बोटं ओतून घेत, तोंड वाकडं करत, आणि संपवत.

पाऊस सुरू झाल्यावर गुरुरावांची सत्तरी आली. मुलांनी विजयनगरात हॉल घेतला, जेवण ठेवलं. वहिनीला बोलावलं नाही तर लोक बोलतील, म्हणून बोलावलं. गेलं नाही तर लोक बोलतील, म्हणून त्या गेल्या. पिशवीतून स्वतःची बाटली नेली आणि पानाशेजारी ठेवली. आजूबाजूला गोड पेले फिरत होते. त्र्यंबकही आले होते, ते मुकाट्यानं बाईंच्या बाटलीतून घेत होते.

गुरुराव पानं बघत फिरत आले. पाहुणे ऐकत आहेत हे बघून हसत म्हणाले, "वहिनी, तुमची वाइन अगदी तुमच्यावर गेली आहे बघा."

लोक हसले. बाईही हसल्या, त्यांना हसताना पाहायची सवय नसल्यामुळे दोन-तीन जण हसायचे थांबले.

"मग घ्या की," त्या म्हणाल्या, आणि एक रिकामा पेला काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिला.

सत्तरीचा दिवस, सगळा समाज बघतोय, भावाची बायको उभी राहून देतेय. नाही म्हणायला जागा नव्हती. गुरुरावांनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, की आता काय होतंय. काहीच झालं नाही. वहिनीकडे बघताना तो चेहरा गेली कित्येक वर्षं तसाच आंबट असायचा.

बाईंनी बाटलीला बूच लावलं, ती पिशवीत घातली, आणि ताकभात वाढणाऱ्याला हाक मारली.